आत्याची सडक

हासू नोको बे सहदेव, खरं सांगतो. तुमी दोघं समोर निघून गेले होते म्हनून तुमाले दिसलं नाई. मी वहाना हातात घेऊन सडकेच्या मधातून चालून राहिलो होतो, अन् मागून हिवरखेडची लॉरी आली. भों भों भों! मी बाजूले सरलोच नाई. मंग डायवरनं मुंडकं बाहेर काढलं अन् म्हने, "काहून बे, सडक तुह्या बापाची हाये का?"

मी म्हटलं, "बापाची नाई बाप्पा. आत्याची हाये."

त्याले वाटलं पोट्टं येडं हाये. गेला धुरळा उडवत. आता आपली लॉरी हुकली ते माह्यामुळंच, मान्य. पन दुसरी काही ऊन उतरल्याबिगर येत नाई, तवर बसा या निंबाखाली. अन् वहाना कायले काढल्या तेच सांगतो, दम काढ ना ताहेर. तुह्या आजोबाचंबी नाव येईन मधात. राग नोको मानू. मानला तरी सांगतो.

तुमी दोघं तवा गावात नव्हते. सहदेव मामाकडं होता, तू अकोल्याले शाळेत. तुमी आले तवा सडक होऊन गेली होती, म्हनून तुमाले वाटते का इथं आधीपासूनच असं सपाट होतं. अबे, इथं समोर, ह्या निंबापासून थेट त्या कोस-दगडापर्यंत, पानमळा होता. माह्या आत्याचा, पार्बताबाईचा. अख्ख्या निंभोरीत पानमळा तेवढा एकच. बाकी आमी सप्पा बारी लोक, पिढीजात पानमळेवाले, कवाचेच वांगे-मिरच्या अन् कापसावर आलो होतो. पानाची मेहनत कोन करते? फुपाजी, आत्याचे मालक, मेले तवा बाबानंबी तिले म्हटलं होतं, "बाई, मोड आता मळा, कापूस लाव." तर आत्या म्हने, "तू तुहं धोतर सांभाळ." अशी होती ते बाई. तिच्यापुढं पाटीलबी जपून बोले.

मळ्यात शिरलं का थंडगार. बाहेर चैताचं ऊन, अन् आत पांगऱ्या-शेवरीची दाट सावली, त्यावर वेली चढेल, खाली ओलं. मधात इहीर. पानी असं गोड का गावातल्या बाया पाहुना आला का तिथूनच घागर नेत. अन् वहाना घालून आत जाचं नाई. कोनीच नाई. बाबाबी पाय धुऊन जाये. आत्या म्हने, ह्या नागाच्या वेली हायेत, इथं चामडं चालत नाई. एकदा मी लहानपनी तसाच शिरलो तर अशी लाकडी फेकून मारली, हे पाहा, डाग अजून हाये.

बरं. तर पान म्हंजे लहान लेकरू. खुडलं का तिथून त्याले घाई. ओल्या फडक्यात, केळीच्या पानात गुंडाळून टोपल्यात भरलं, अन् ताहेर, तुहे आजोबा गयासुद्दीनचाचा, ते टोपले बंडीवर लादून अकोल्याले नेत. उन्हाळ्यात ठीक. पन पावसाळ्यात इथली काळी माती तुमाले सांगाची गरज नाई. बंडी नाल्यात फसली का फसली. एका पावसाळ्यात तीनदा फसली, पानं काळीठिक्कर. चाचानं टोपलं आत्याच्या वट्ट्यावर आनून ठेवलं अन् म्हने, "पार्बताबाई, बुरा मत मानो. अब ये बोझा मुझसे नहीं होता. सडक होईन म्हंतेत काटखेडकडून. झाली का मी तिकडचंच पान उचलतो. तुमचं नाई जमन."

काटखेड म्हंजे पानाचं गावच. तिथं मळेच मळे. चाचानं हात काढून घेतला का आत्याचं पान घेनारं दुसरं कोनी नव्हतं. अन् पान विकलं नाई तर मळा काय देवाले वाहाचा? त्या दिवशी आत्या जेवली नाई. माह्या मायनं भाकर नेली तर म्हने, "सडक काटखेडले गेली तर माहा मळा गेला, जमुना. हे डोक्यात ठेव."

आता सडकेचं असं होतं. हिवरखेडहून अकोल्याकडं पक्की सडक करन्याचं सरकारनं ठरवलं होतं. नाला ओलांडला का वाट फुटे. एक पांदन निंभोरीतून, एक काटखेडातून, समोर जाऊन दोन्ही पुन्हा एकच होत. साहेब म्हने, जिकडून बंड्या जास्त जातीन तिकडून सडक. म्हनून दोन्हीकडं एकेक कारकून बसवला, दहा रोज बंड्या मोजाले. आमचावाला कारकून इथं बसे, याच निंबाखाली, सहदेव तू जिथं टेकला ना तिथंच. खुर्ची, छत्री, सुरई, सारा थाट.

पयल्या दिवशी आमच्याकडून किती बंड्या गेल्या? काहीच नाई बे. बाजाराचा दिवस नव्हता, कोन जाते? अन् तिकडं काटखेडात पानाच्या बंड्या रोजच्या.

आत्या त्या कारकुनाले सकाळ-संध्याकाळ विडा आनून दे. कारकून खूश. पन ती पान द्याले नव्हती येत, पाहाले येत होती. दुसऱ्या दिवशी सांजच्याले मारुतीच्या पारावर सप्पा मानसं बसेल होते, वामनराव पाटील होता, चाचा होते, बाबा होता. आत्या पारासमोर येऊन उभी राहिली. बायामानसं पारावर बोलत नाई, पन तिले कोन म्हनन?

म्हने, "पाटील, तो कारकून पान खाते अन् डोये मिटते. चाक वाजलं का कागदावर रेघ मारते. बंडी कोनाची, बैल कसे, हाकनारा कोन, काहीच पायत नाई."

पाटील म्हने, "मंग?"

"मंग काय. चाकं वाजवा. हायेत त्याच बंड्या फिरवा."

कोनी हासलं, कोनी म्हने बाईले चढली. मंग बाबानं इचारलं, "बाई, समोरून गेलेली बंडी वापस कशी आनाची? वापस येताना कारकून पायनच ना. आंधळा थोडीच हाये."

आत्यानं मळ्याच्या दिशेनं पायलं. मी तिच्या बाजूलेच होतो, तिचं तोंड मले दिसत होतं. मंग म्हने, "माह्या मळ्यातून."

मळा इथून थेट नाल्यापर्यंत होता ना. निंबाच्या समोर गेल्यावर वळन होतं, पांदन मळ्याले वळसा घालून जाये. वळनावर बंडी मळ्यात घुसवली, आतून नाल्यात उतरवली, अन् नाल्यानाल्यानं वापस मागं आनली का कारकुनाले घंटा दिसत नाई. दाट सावली. पन पानमळ्यात बैल? चामड्याच्या वहाना चालत नाई तिथं बैल, जू, चामड्याचे वादे, शेन?

चाचा म्हने, "पार्बताबाई, तौबा. ऐसा मत करो."

आत्या म्हने, "गयासभाऊ, तुमी काटखेडचं पान उचलान तवा कोन तौबा करन? मळा राहाचा असन तर आठ रोज बैल सहन करन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं इहिरीवर आंग धुतलं, वेलीपाशी हळद-कुकू वाहिलं, अन् मंग स्वतःच्या हातानं मळ्याभोवतीची कूड तोडली. एक अख्खी रांग, पुरी रांग बे, वेली पांगऱ्यावरून उतरवल्या, गुंडाळल्या, मातीत गाडल्या. दरसाल उतरवतेतच तशा, जून झाल्या का. म्हने, "पावसाच्या आंगानं पुन्हा चढवीन." पांगरे तोडले. अन् पयली बंडी आत नेली ते बाबाची. बैल आत येत नव्हते, ओल्या मातीले भेत होते. तर आत्यानं बैलाची येसन धरली अन् अनवानी समोर चालत त्यायले आत घेतलं. पयली चाकोरी पाडली ते तिनं. हे ध्यानात ठेवा.

मंग तर काय, जत्राच झाली! मी बंडी हाकली आठ रोज. एका फेरीले मुंडासं, दुसऱ्या फेरीले टोपी, तिसऱ्या फेरीले डोक्यावरून धोतर. कधी कुटार लादलं, कधी पराट्या, कधी पाटलाच्या घरच्या बाया बसवल्या अन् त्यायले म्हटलं रडा, लेकीले सासरी पोचवून राहिलो असं दिसलं पायजे. त्या रडाच्या जागी इतक्या खिदळल्या का कारकुनानं डोये उघडले. आमचा एक बैल एकशिंग्या होता, त्याच्यावर रोज नवी झूल टाकाची. सहाव्या का सातव्या दिवशी कारकून आत्याले म्हनतो, "बाई, तुमच्या भागात एकशिंगे बैल फार हो."

आत्या म्हने, "पानी तसं हाये साहेब."

हासा, हासा. आमीबी हासलो तवा. सारं गाव हासून हासून लोळे. मळ्यात चिखल, शेन, चाकाच्या दोन गहिऱ्या चाकोऱ्या पडेल, अन् आत्या रोज सांजच्याले खराट्यानं शेन काढे अन् हासे.

अन् झालं ना काम. कागद नागपूरले गेला, मंजूर होऊन आला. सडक निंभोरीतून! पाटलानं पारावर आत्याले लुगडं-चोळी केली, साऱ्यायच्या समोर. चाचानं पेढे वाटले. पाटील म्हने, "पार्बताबाई, तुह्या डोक्यातली सडक हाये हे." बाबाची छाती तर अशी फुगली का जशी सडक त्यानंच काढली. आत्या लुगडं घेऊन घरी आली अन् मायले म्हने, "जमुना, आता वेल चढवली का झालं."

पन वेल चढवाले पाऊस लागते. अन् पावसाच्या आधी ओवरसियर आला.

उन्हाळ्यात आला तो. साखळ्या, खुट्या, लाल झेंड्या, चार मानसं. आमी सप्पा मागं मागं, जसा नवरदेव आला. निंबापासून सुरुवात केली, वळनापाशी आला, उभा राहिला. डोळ्याले हात लावून पायलं. कूड तोडेल होती, आतून सरळ चाकोऱ्या नाल्याकडं गेल्या होत्या, उन्हानं वाळून दगडासारख्या झालेल्या. तो तसाच आत शिरला. बूट घालून.

आत्या धावत गेली. "साहेब, बूट काढा. हे पानमळा हाये."

तो तिच्याकडं पाहून हासला. वाईट नाई हासला, असाच. म्हने, "बाई, पानमळा कसला? इथून तर गाड्या जातात. ही चांगली वहिवाट आहे." अन् आपल्या मानसाले म्हने, "वळण कशाला घ्यायचं? सरळ घ्या. वाट आहेच." अन् पयली खुटी ठोकली. इहिरीच्या काठाले.

आता पाय बे सहदेव, आत्यानं काय म्हनावं? ह्या चाकोऱ्या खोट्या हायेत म्हनावं तर बंड्या खोट्या. बंड्या खोट्या म्हटलं तर सडक काटखेडले. सप्पा गाव मागं उभं, सप्पा तिच्याकडं पाहून राहिले. तिनं तोंड उघडलं अन् बंद केलं. मी आत्याले कधी चुप झालेलं पायलं नव्हतं. त्या दिवशी पायलं.

सांजच्याले पारावर गेली. म्हने, "पाटील, साहेबाले सांगा वळनानं न्या. पांदन आधीपासून वळनानंच हाये, हे तर खरं हाये ना? तेवढंच सांगा."

पाटील म्हने, "बाई, तो इचारन का मंग ह्या चाकोऱ्या कायच्या."

"काहीबी सांगा. येवढं मोठं खोटं केलं, एक लहान करता येत नाई?"

"तो चिडला तर? सारंच उकरलं तर? तुले नाल्याच्या पलीकडं जागा देऊ आपन."

"तिथलं पानी खारं हाये. तिथं वेल लागन?"

मंग सूर्यभान, तो आपला तेली, मागून म्हने, "एका मळ्यापाई गावाची सडक घालवाची का?" आत्यानं तिकडं वळून पायलं. बाबा खाली पाहून काडीनं माती उकरत बसेल होता.

दुसऱ्या दिवशी ती एकटी साहेबाच्या तंबूवर गेली. एकटी म्हंजे मी होतो संगं. तिनं सारं सांगतलं. रेघा, झूल, एकशिंग्या बैल, सारं. "साहेब, गावाले सडक द्या, पन वळनानं द्या. अन् वळनानं नसन तर काटखेडले द्या. माहा मळा सोडा." मले वाटलं आता हा संतापते. पन तो तसाच हासला बे. म्हने, "बाई, जमीन वाचवायला लोक काय काय सांगतात. मी गावाला विचारतो."

अन् इचारलं. तिथंच, मळ्यात, इहिरीपाशी उभं करून. खुर्चीवर बसला, एकेकाले बोलावलं. एकच सवाल. "ही वाट जुनी आहे की नाही?"

पाटील समोर झाला. "साहेब, माह्या आजाच्या टाइमाची वहिवाट हाये."

सूर्यभान म्हने, "जुनीच."

मंग चाचा. ताहेर, खाली पाहू नोको, आयक. आत्या त्यायले म्हने, "गयासभाऊ, तुमी तर इथून खांद्यावर टोपलं नेलं. जोडे बाहेर काढून. येवढी सालं." चाचानं नाल्याकडं पायलं. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हने, "रास्ता पुराना है साब."

काय म्हटलं? आजोबा सांगते का पार्बताबाई भावाशी भांडून गाव सोडून गेली? हो ना. तसंच सांगते सारे. पाटील तसं सांगते, माही मायबी तसंच सांगते आता. मीच एक दुसरं सांगतो, म्हनून तर तुमाले सांगून राहिलो.

अन् मंग आत्यानं बाबाचं नाव घेतलं. लहान भाऊ तिचा, तिनंच कडेवर वागवला. म्हने, "उत्तम, तू सांग. तुहीच बंडी होती पयली. मी येसन धरली होती. सांग त्यायले."

बाबानं तिच्याकडं पायलंच नाई. साहेबाकडं पाहून म्हने, "साहेब, माही बहीन हाये. मळ्याची माया हाये म्हनून काहीबाही बोलून राहिली. वाट जुनीच हाये."

मी आरडलो ना! म्हटलं, "खोटं हाये! साहेब, मी सोता हाकली बंडी, आठ रोज हाकली, ह्या साऱ्यायनं हाकली!"

साहेब म्हने, "हा कोण?"

पाटील म्हने, "तिचा भासा, साहेब."

"भाचा? मग त्याची साक्ष काय घ्यायची."

आयकलं? भावाची चालली. भाश्याची नाई चालली.

आत्या रडली-बिडली नाई. ती वळली, अन् साऱ्यायच्या पायाकडं पायलं. एकेकाच्या. सप्पा वहाना घालून उभे होते, मळ्यात. बाबाबी. मंग ती चालत बाहेर गेली, कूड तोडली होती तिथून नाई, आपल्या जुन्या फाटकातून, फाटक लावून घेतलं मागं. कायले लावलं असन बे? आत तर सारे उभेच होते.

मंग काय, पांगरे पडले. इहिरीत तिच्याच इहिरीचा बांध ढकलला, वरून दगड, वरून मुरूम. गाडलेल्या वेली निंघाल्या खोदताना, अजून हिरव्या होत्या गाठीवर, त्याबी मुरमाखाली गेल्या. वहिवाट होती ना कागदावर, म्हनून मोबदलाबी नाई. वहिवाटीचा कसला मोबदला? अन् गावातल्या बाया काय म्हनत सांगू? पानमळ्यात बैल घातले, नागोबा सोडते का! त्याच बाया. बंडीत बसून खिदळनाऱ्या.

आत्या काटखेडले गेली. हो, काटखेडले. ज्यायची सडक तिनं पळवली त्यायच्याच मळ्यात, वेल बांधाले, पान खुडाले, मजुरीनं. काटखेडवाले पयले खूप हासले म्हंते. मंग एका म्हातारीनं तिचे हात पायले अन् ठेवून घेतलं.

आता शेवटचं सांगतो, ऊन उतरून राहिलं.

सडक झाली. उद्‌घाटनाले मोठा साहेब येनार होता. मांडव, कमान, झेंडूच्या माळा, बँड अकोल्याहून. सारं झालं अन् सकाळी पाटलाच्या ध्यानात आलं का साहेबाले विडा द्याचा तर पान कुठी? निंभोरीत पानच नाई! बारी लोकायचं गाव म्हनवत होते, अन् अख्ख्या गावात पान नाई. मंग मलेच पाठवलं. "शालिक, पळ, काटखेडहून टोपलं आन." चाचाबी आता तिथूनच घेत ना. तिथून बाया डोक्यावर आनून सडकेवर देत.

मी पळत गेलो, घाईत तसाच मळ्यात शिरलो. अन् आवाज आला, "वहाना काढ."

आत्या होती. सिडीवर चढेल, लुगड्याचा काचा मारेल, बोटाले पान खुडाचं लोखंडी नख. मले पाहून खाली उतरली. मी म्हटलं, "आत्या, तुहा मळा नाई हा."

म्हने, "पान तर तेच हाये." मंग म्हने, "कायले पायजे?"

मले सांगवत नव्हतं. पन सांगतलं.

ती वळली. पुन्हा चढली, अन् एकेक पान खुडलं, उजेडात धरून पाहून. डाग असला का बाजूले टाके. चांगली, रुंद, कवळी पानं निवडली. मी म्हटलं, "आत्या, त्यायले कायले चांगली देतं? सडकी दे." तर असं रागानं पायलं माह्याकडं. "पानानं काय केलं त्यायचं?" टोपलं भरलं, ओलं फडकं झाकलं, माह्या डोक्यावर ठेवलं. म्हने, "वावरातून जा. इकडून काही बंडीवाट नाई." आत्या असं म्हनली अन् हासली. तसं हासनं देवानं कोनाचं न दाखवो.

मी आलो टोपलं घेऊन. वावरातून सडकेवर चढलो ते बरोबर इथं, त्या कोस-दगडापाशी. वहाना हातातच होत्या, काटखेडच्या मळ्यात काढल्या तशाच. घालाले वाकलो. अन् नाई घातल्या बे. डोक्यावर तिची पानं, अन् पायाखाली... तसाच आलो निंबापर्यंत. तवापासून तसाच येतो. तुमी काय म्हनाचं ते म्हना.

मांडवात साहेब बसेल होता. बँड वाजला, फीत कापली, पाटलानं चांदीच्या ताटात विडे फिरवले. साहेबाले, ओवरसियरले, चाचाले. चाचानं ताट परत केलं, म्हने दात दुखते. मंग बाबाले. मानाचा विडा! पयली बंडी ज्याची होती, त्याले मान नको का? बाबानं तोंडात घातला, डोये मिटले, गालात फिरवला.

मी बाजूले गेलो अन् चांगलं मोठ्यानं म्हटलं, मागच्या रांगेले आयकू जाईन असं, "बाबा, पान कसं हाये? काटखेडचं हाये. आत्यानं खुडलं."

तोंड थांबलं त्याचं. गाल फुगेल तसाच. माह्याकडं नाई पायलं, समोर साहेब होता, साहेबाकडंच पाहून राहिला. थुकावं तर साहेबासमोर थुकता येते का? अन् गिळावं तर...

मंग तोंड पुन्हा चालू झालं. हळू. सारं पान खाल्लं त्यानं, दांड्यासकट. व्हट पुसले. अन् पाटलाकडं वळून म्हने, "कात जरा जास्त झाला."